अक्षरांवाचून पोथी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजातील चित्रकथी आपल्या चित्रसंचाला ‘पोथी’ म्हणतात. या पोथीत मजकूर नसतो. सुट्या कागदांवर रंगविलेले राम, सीता, रावण, पांडव असतात आणि दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली असतात. वीणा, हुडुक व टाळ यांच्या साथीने कथेकरी एकेक पान श्रोत्यांपुढे धरतो आणि रामायण-महाभारतातील आख्यान गाऊन सांगतो.

भाषेच्या अभ्यासकाने हा शब्द गांभीर्याने घ्यावा. वारली सुवासिनी लग्नघरी पालघाट देवीचा चौक ‘लिहितात’, मिथिलेतील स्त्रियाही कोहबर ‘लिहितात’. अर्थात संस्कृत ‘लिख्’ धातूतच रेखाटणे आणि लिहिणे हे दोन्ही अर्थ आहेत. तेव्हा केवळ क्रियापदावर फार भार टाकता येणार नाही. ‘पोथी’चे तसे नाही. ती क्रमाने वाचायची वस्तू आहे.

म्हणूनच या चित्रांतील देव हा पूजेच्या तसबिरीतील देव नव्हे. तसबिरीतील राम भक्ताकडे पाहतो. पोथीतील राम बहुधा एका बाजूने दिसतो आणि त्याचे मोठे डोळे समोरच्या पात्रावर खिळलेले असतात. कोण कोणासमोर उभा आहे, यावरून प्रसंग कळतो. वाक्यातील पदाला अर्थ शेजारच्या पदांमुळे येतो, तसेच हे आहे.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रकथी चित्रे जपली गेली, हे मोठेच काम. परंतु चौकटीतले एकटे पान शोभेचे होते आणि त्यासोबतचे कथन मात्र हरवते. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हाही ‘लोककला’ हाच शब्द आपल्या तोंडी आला. ‘वाङ्मय’ हा आला नाही. मला हे वर्गीकरण मान्य नाही. श्रीधराच्या ‘रामविजया’शेजारी या मौखिक रामकथेलाही मराठीच्या अभ्यासक्रमात जागा हवी.

त्यासाठी कथनाची संहिता हवी, आणि ती पानांच्या क्रमासह हवी. कोकणातील आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी प्रकल्पासाठी विषय शोधत असेल, तर कथेकऱ्याची अनुमती घेऊन एक आख्यान ध्वनिमुद्रित करावे आणि कोणत्या शब्दाला पान उलटले, तेवढी नोंद समासात करावी.