नंबरचा गॉगल : काळी काच पाहून सौदा नको

मिरकरवाडा, हर्णै बंदरांतील मच्छीमार बांधवांची रोजी नजरेवर चालते. तरीही नंबरचा गॉगल घेताना काच किती काळी एवढेच पाहिले जाते. अतिनील किरणे न अडवणारी काळी काच उलट घातक. तिच्याआड बाहुली मोठी होते व किरणे अधिक आत शिरतात. पाण्यावरची चकाकी मारायला काच पोलराइज्ड हवी. पारख सोपी आहे : अशा दोन काचा एकावर एक धरून एक काटकोनात फिरवली की अंधार होतो. खुल्या समुद्राला राखाडी, खाडीला तपकिरी रंग बरा. रंगावरून कापडाचा पोत कळत नाही, तसेच हे. ऐब लपवून माल विकणे नाजायज आहे. चष्मेवाल्यांनी बिलावर ‘पोलराइज्ड, यूव्ही ४००’ लिहून द्यावे; गिऱ्हाइकानेही त्याशिवाय पैसे मोजू नयेत.