‘पण’च्या पुढचा स्त्रीवाद

‘मी काही स्त्रीवादी वगैरे नाही हं, पण...’ हे वाक्य आपल्या महाविद्यालयाच्या आवारात ज्याच्या कानांवर पडले नाही असा विद्यार्थी विरळाच. मुलींच्या कॉमनरूममध्ये ते ऐकू येते, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर ऐकू येते आणि वादविवाद स्पर्धेच्या व्यासपीठावरून तर हमखास ऐकू येते. गंमत अशी की, या ‘पण’च्या पुढे जे येते ते अस्सल स्त्रीवादी असते! ‘पण लग्नानंतर मी नोकरी सोडणार नाही.’ ‘पण भावाला मोटारसायकल आणि मला एस.टी.चा पास, हे का?’ ‘पण संध्याकाळी आमच्या वसतिगृहाला कुलूप लागते आणि मुलांच्या वसतिगृहाला साधी कडीही नाही, हा कुठला न्याय?’ म्हणजे माल पसंत आहे, त्यावरचा शिक्का तेवढा नको.

हा शिक्का का नको, याचा शोध घ्यावा म्हणून मी दहाबारा जणांना मुद्दाम विचारले. उत्तरे इतकी निरनिराळी मिळाली की, आपण एकाच शब्दाविषयी बोलतो आहोत ना, अशी शंका यावी. एक मित्र म्हणाला, ‘‘समानता हवी ना? मग बसमध्ये राखीव जागा कशाला?’’ (या मित्राने आमच्या गावच्या साडेपाचच्या गाडीतून एकदा मुलगी होऊन प्रवास करावा, एवढेच त्यांस सुचवते.) प्रथम वर्षाची एक मैत्रीण म्हणाली, ‘‘स्त्रीवाद म्हणजे स्वतःचा निर्णय स्वतः घेणं. मला मंगळसूत्र घालावंसं वाटलं तर तोही स्त्रीवादच.’’ आमच्या एक ज्येष्ठ प्राध्यापिका म्हणाल्या, ‘‘मी घर आणि नोकरी दोन्ही सांभाळलं. मला कुठल्या वादाची गरज पडली नाही.’’ बाईंविषयी मला पूर्ण आदर आहे. तरीही ‘दोन्ही सांभाळलं’ हे वाक्य त्यांच्या पिढीतल्या एकाही सरांच्या तोंडून मी ऐकलेले नाही. सरांनी फक्त नोकरी सांभाळली. आणि त्याबद्दल त्यांना कधी कोणी विचारलेही नाही.

एक सर म्हणाले, ‘‘हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे.’’ या आक्षेपाला उत्तर द्यायला फार लांब जावे लागत नाही, बुलढाण्यापर्यंत गेले तरी पुरते. तिथल्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक 1882 साली पुण्यात छापले गेले. त्यामागचे निमित्त सुरतेचे होते. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला आपले नवजात मूल मारल्याबद्दल 1881 साली फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली. पण वर्तमानपत्रे मात्र तिच्या निमित्ताने समस्त स्त्रीजातीच्या नीतीची झडती घेऊ लागली. ताराबाईंचा साधा प्रश्न होता : ज्या दुर्गुणांसाठी बायकांना धारेवर धरता, ते पुरुषांत नाहीत काय? त्यांना टीका सोसावी लागली, तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे हे पुस्तक विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी 1975 साली ते पुन्हा प्रकाशात आणले. ताराबाईंना ‘स्त्रीवाद’ हा शब्द ठाऊक नव्हता, त्याविना त्यांचे काही अडलेही नाही. तेव्हा ज्यांना शब्द नको त्यांच्याशी मी भांडणार नाही. माझे भांडण आहे ते त्या प्रथम वर्षाच्या मैत्रिणीच्या व्याख्येशी, कारण ती व्याख्या सर्वांत गोड आहे आणि म्हणूनच फसवी आहे.

‘स्वतःचा निर्णय स्वतः घेणे.’ ठीक. आता माझ्या आईचे पाहा. माझ्या आजोळी चार एकर जमीन आहे. आजोबा गेले. दोन मामा, तीन बहिणी. वारसनोंदीत पाचही नावे लागली, आणि मग हक्कसोडपत्राचा विषय निघाला. दोन मावश्यांनी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन सह्या केल्या. राहिली आई. मामा वाईट माणूस नाही. आजोबांच्या आजारपणात तोच रात्र रात्र दवाखान्यात बसला, सोसायटीचे कर्जही त्याच्याच डोक्यावर आहे. तो आईला एवढेच म्हणतो, ‘‘ताई, तेवढी सही करून टाक.’’ कोणी दमदाटी करीत नाही. निर्णय आईचाच आहे, अगदी स्वतःचा स्वतः! पण आईने नाही म्हटले तर भाऊबीजेला पाट कोण मांडणार, अडीअडचणीला ती कोणाच्या दारात जाणार, हा हिशेब तिच्यापुढे उभा आहे. मामापुढे असा कोणताही हिशेब नाही. ‘‘जमीन काय, आज आहे उद्या नाही. माहेर ठेवायचं तर किंमत द्यावी लागते,’’ असे आई म्हणते. आई भोळी नाही. तिने भाव नीट जोखलेला आहे. माझा प्रश्न असा की, माहेरपणाला भाव असतो तो फक्त मुलीलाच का? मुलाला तेच घर फुकट कसे मिळते?

कायदा तर कधीचाच आईच्या बाजूचा आहे. महाराष्ट्राने 1994 साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. त्यापूर्वी लग्न झालेल्यांना मात्र वगळले. देशभर हा हक्क 2005 च्या दुरुस्तीने आला आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने उरलीसुरली शंकाही मिटवली. तरी कायदा सातबाऱ्यापर्यंत पोचतो आणि तिथून एका सहीने परत फिरतो. म्हणून माझे मत असे की, निर्णय कोणाचा, एवढे विचारून भागत नाही. दुसरा निर्णय घेतला तर दंड कोणाला पडतो, हेही विचारले पाहिजे. मंगळसूत्राचेही तेच. घालणारीने खुशाल घालावे. न घालणारीला सासरी काय ऐकावे लागते ते पाहून मग त्याला निवड म्हणावे.

आणि हे सांगताना आमच्या घराकडे पाठ फिरवून चालणार नाही. आमची सहा एकर आज अखंड आहे ती माझ्या दोन आत्यांनी सह्या केल्या म्हणून. त्याच शेताच्या उत्पन्नातून माझी फी भरली जाते.

माझे हे विवेचन वर्गातल्या एका मैत्रिणीने शांतपणे ऐकून घेतले आणि ती म्हणाली, ‘‘तुझ्या स्त्रीवादाला सातबारा लागतो. माझ्या आईकडे सोडायला हक्क कुठाय? ती तुमच्यासारख्यांच्या रानात खुरपायला जाते. पुरुषापेक्षा कमी रोजावर.’’ तिने मला उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे 1989 चे पुस्तक वाचायला दिले. आंबेडकरी चळवळीतल्या किती बायका सभांना गेल्या, सत्याग्रहात उतरल्या, आणि आमच्या पाठ्यपुस्तकात त्यांतले एकही नाव नव्हते! तिनेच मथुरा प्रकरणाची आठवण दिली. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडून दिले. 1979 साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 साली कायदा बदलला. मैत्रिणीचे म्हणणे असे की, तुम्हा सगळ्यांना मिळालेल्या त्या संरक्षणाची किंमत एका भूमिहीन पोरीने मोजली. हे मला पटते. रोजाचा आणि सुरक्षिततेचा प्रश्न सातबाऱ्याच्या आधीचा आहे, हेही पटते. तरी जिथे जमीन आहे तिथे ती मुलीच्याही नावे असावी हा मुद्दा मी सोडत नाही. आमच्या रानात रोज किती द्यायचा हे ठरवताना घरातल्या बाईला तोंड असेल, तर ते जमिनीवर नाव असल्यामुळेच असेल. यावर मैत्रीण हसली आणि म्हणाली, ‘‘बघू, तुझं नाव लागल्यावर रोज वाढतो का ते!’’ आमचा वाद अजून मिटलेला नाही.

पुरुष स्त्रीवादी असू शकतो काय, असेही काहींनी विचारले. त्या चार प्राध्यापकांत दोघे पुरुष होते. शेतकरी संघटनेच्या 1986 सालच्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतरच्या काळात शरद जोशींच्या ‘लक्ष्मीमुक्ती’च्या हाकेला प्रतिसाद देऊन अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमिनी केल्या. त्यांना स्वतःला कोणता शिक्का आवडला असता ते असो, सातबाऱ्यावर नावे चढली.

माझा धाकटा भाऊ बारावीला आहे. परवा जेवताना मी त्याला सरळच विचारले, ‘‘उद्या माझ्यापुढे असा कागद ठेवशील का?’’ तो म्हणाला, ‘‘तू हिस्सा मागशील का?’’ मी म्हटले, ‘‘मागेन.’’ वडील काही बोलले नाहीत, पान न संपवता उठले. दुसऱ्या दिवशी दुपारी आईने ट्रंकेतून मामाने पाठवलेला मसुदा काढला आणि म्हणाली, ‘‘काय लिहिलंय ते नीट वाचून दाखव एकदा.’’ तीन पाने होती. मी वाचली, तिने दोन ठिकाणी थांबवून पुन्हा वाचायला सांगितले. मामा दिवाळीनंतर येणार आहेत.