विकत घेतलेली गाणी
(तृतीय वर्ष, कला)

गेल्या मे महिन्यात माझ्या ताईचे लग्न झाले. लग्नाला चार दिवस उरले असताना आजी बाबांना म्हणाली, "अरे, ती धवल्याची गाणी लाव ना. तू पैसे भरून घेतली होतीस ती." बाबा काही बोलले नाहीत. उठले, चालू पंखा बंद केला, पुन्हा चालू केला आणि बाहेर निघून गेले.

वाचकांपैकी ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. धवला म्हणजे आमच्या आगरी लोकांच्या लग्नात गायचे गाणे आणि ते गाणारी बाई म्हणजे धवलारीण. मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीला तिचे वेगळे गाणे असते. तिने सूर लावल्याशिवाय पुढचे पाऊल पडत नाही. आता हळदीला डीजे आला आणि धवलारणी गावोगाव बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. अशा एका म्हाताऱ्या धवलारणीची बारा गाणी एका छोट्या कंपनीने काढली होती. बाबांनी ती दहा-बारा वर्षांपूर्वी इंटरनेटवरच्या एका दुकानातून रीतसर पैसे भरून घेतली. ती बाई आता नाही. कंपनीचाही पत्ता लागत नाही. आजकालच्या एकाही ॲपवर ती गाणी सापडत नाहीत. मी दोन रात्री शोधली आहेत.

त्या दुकानाचे नाव देत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. ते बंद झाले तेव्हा त्याने ग्राहकांना तसे कळवले होते. बाबा ते ई-मेलचे खाते वापरत नव्हते, इतकेच. शिवाय गाणी तर आमच्या संगणकात उतरवलेली होती, मग काळजी कसली? संगणक होता बदलापूर पश्चिमेच्या आमच्या तळमजल्यावर, टेबलाखाली, जमिनीवर. २७ जुलै २०१९ हा दिवस बदलापूरकर विसरणार नाहीत. बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह पाण्यात अडकली होती आणि होड्यांतून लोकांना बाहेर काढतानाची दृश्ये साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिली. त्या वेळी आम्ही वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे गॅलरीत उभे होतो. आमच्या घरात कमरेएवढे पाणी होते. गॅसचे सिलिंडर तरंगत होते. संगणकाची आठवण कोणालाही झाली नाही, आणि व्हावी तरी का?

इथे एक मुद्दा मांडावासा वाटतो. 'विकत घेणे' या शब्दाचा अर्थ आपल्या डोळ्यांदेखत बदलला आणि आपल्याला त्याची जाणीव झाली नाही. आजोबांनी कॅसेट घेतली तेव्हा दुकानदार उद्या मेला काय किंवा गावी गेला काय, कॅसेट कपाटात राहत होती. फीत अडकली तर पेन्सिल घालून गुंडाळता येत होती. आज आपण 'बाय' असे लिहिलेले बटण दाबतो, बँकेतून पैसे जातात, आणि हाती येते ती बहुधा नुसती परवानगी असते. ती जोवर दुकान उघडे तोवरची.

ही काही माझी एकट्याची तक्रार नाही. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये 'फ्लाइट' या नावाने गाण्यांचे दुकान उघडले आणि जून २०१३ मध्ये ते बंद केले. त्यांची गाणी बिनकुलपाची एमपी थ्री होती आणि घेतलेली गाणी उतरवून घेण्यास मुदतही दिली होती. म्हणजे व्यवहार सरळ होता. तरीही ज्याने मुदतीत उतरवली नाहीत त्याची गेली. गूगल प्ले म्युझिकवर भारतात २०१६ पासून गाणी विकत मिळत. २०२० साली ती सेवा बंद झाली आणि २४ फेब्रुवारी २०२१ नंतर तिथली खाती पुसण्यात आली. परदेशात तर याहून मौजेचा प्रकार घडला. मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन म्युझिकची गाणी कुलूपबंद होती. नव्या संगणकावर ती वाजवायची तर कंपनीच्या यंत्राकडून किल्ली आणावी लागे. २००८ मध्ये कंपनीने सांगितले की आता किल्ल्या देणे बंद. ग्राहकांनी गिल्ला केला तेव्हा २०११ अखेरपर्यंत मुदतवाढ मिळाली. गाणी तुमची, पैसे तुमचे, संगणक तुमचा, आणि किल्ली मात्र वाण्याकडे!

माझ्या एका मित्राला हे सगळे ऐकवले तेव्हा तो हसला. "अरे, गाणी विकत घेतो कोण आता? महिन्याची वर्गणी भर आणि जगातले काय हवे ते ऐक. जपायचे कशाला?" वर्गातील निम्म्याहून अधिक जणांचे मत हेच असेल. मला ते पटत नाही. वर्गणी म्हणजे भाडे. भाड्याच्या घरात राहण्यात वाईट काही नाही, पण भिंतीत खिळा मारताना मालकाला विचारावे लागते हे विसरू नये. मार्च २०२३ मध्ये स्पॉटिफाय आणि झी म्युझिक यांचा करार मोडला आणि एका रात्रीत लोकांच्या याद्यांमधली गाणी करड्या रंगाची झाली. नाव दिसते, वाजत नाही. रेसो जानेवारी २०२४ अखेर भारतातून गेले, त्याच वर्षी विंकही आवरले गेले. पुन्हा जी गाणी सर्वांची आवडती असतात ती कुठे ना कुठे मिळतातच. लताबाई आणि बाबूजी हरवणार नाहीत. हरवते ते धवलारणीचे गाणे, कारण त्याला ऐकणारे थोडे आणि विकणारा एकच.

आता एक अवघड गोष्ट लिहितो. प्राध्यापक मंडळींनी रागावू नये. बाबांनी गाणी प्रामाणिकपणे विकत घेतली त्याच काळात अंबरनाथ आणि उल्हासनगर स्टेशनबाहेर मोबाइलच्या टपऱ्यांवर मेमरी कार्डे भरून मिळत. वीस-तीस रुपये द्यायचे आणि शेकडो गाणी घेऊन लोकल पकडायची. ती चोरीच होती, तिचे समर्थन मी करणार नाही. गाणाऱ्याला त्यातून दमडी मिळाली नाही. पण त्या कार्डांवरची गाणी कित्येकांकडे आजही वाजत आहेत आणि माझ्या बाबांची पावती फक्त आहे. प्रामाणिक माणूस रिकाम्या हाताने आणि फुकट्या भरल्या खिशाने, ही स्थिती बरी नव्हे. ती बदलायची तर प्रामाणिक माणसानेच आपल्या मालाची दुसरी प्रत करून ठेवायला हवी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ मी मुद्दाम वाचले. खाजगी वापरासाठी केलेला रास्त व्यवहार त्यात हक्कभंग मानलेला नाही. संगणकाच्या प्रोग्रॅमबाबत तर नुकसानीपासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. गाण्यांबाबत तसा वेगळा शब्द नाही. माझ्या मते तो असायला हवा होता.

असो. आजीचे बोलणे बाबांच्या मनाला लागले असावे. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून जुनी हार्ड डिस्क काढली आणि आम्ही दोघे उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात गेलो. तिथे एक वयस्कर सिंधी गृहस्थ अशी कामे करतात. त्यांनी डिस्क हातात घेतली, कानाशी हलवून पाहिली आणि विचारले, "पुरानंतर चालू करून पाहिली होती का?"

बाबा म्हणाले, "हो. चार दिवस उन्हात वाळवली, मग लावली."

"तिथेच चुकलं, भाऊ. पाणी वाळतं, चिखल वाळून आत बसतो. डिस्क फिरली की तो वाळूच्या कागदासारखा घासतो. न लावता तशीच आणली असती तर कदाचित काही निघालं असतं."

बाबांनी गाण्यांची हकीकत सांगितली. ते गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी ड्रॉवरमधून एक लहानशी डबी काढली. त्यात पेन ड्राइव्ह होता. सिंधी लग्नांत बायका 'लाडा' गातात. त्यांच्या आईच्या आवाजातले लाडे त्यांनी जुन्या टेपवरून उतरवून घेतले होते. एक प्रत दुकानात, एक कोल्हापूरला बहिणीकडे, एक दुबईला मुलाकडे. मी विचारले, "काका, तीन तीन कशाला?" ते म्हणाले, "आमचे वडील सिंधमधून आले तेव्हा घराला कुलूप लावून आले होते. किल्ली अजून आहे आमच्याकडे." एवढे बोलून ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. पैसे घेतले नाहीत.

ज्यांच्या छावणीवर १९४९ साली उल्हासनगर हे शहर उभे राहिले त्या माणसांना प्रती करण्याचे महत्त्व कोणी व्याख्यान देऊन शिकवावे लागले नसेल. आणि आपल्याला तरी का लागावे? तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या अशी श्रद्धा आहे. तिच्याशी माझे भांडण नाही. पण अभंग संताजी जगनाड्यांसारख्या माणसांनी उतरवून घेतले होते आणि लोकांच्या तोंडी होते, हेही परंपराच सांगते. नदीला एक वही बुडवता आली. देहूपासून पुढे प्रत्येक गावात एक प्रत होती, ती तिला कशी बुडवता येणार?

सध्याच्या यंत्रांच्या भाषेत हेच पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने आकड्यांत मांडले: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. आपल्या भागात या शेवटच्या अटीला फार महत्त्व आहे. उल्हास आणि वालधुनी दोन्ही नद्या एकाच पावसात फुगतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा आपल्याकडेही घरे अशीच पाण्यात गेली होती. तेव्हा बदलापूरची प्रत अंबरनाथला वालधुनीकाठच्या मावशीकडे ठेवून भागणार नाही. मावशी पुण्याची हवी. खर्चाचे म्हणाल तर उत्तम प्रतीचे एमपी थ्री गाणे साधारण आठ एमबीचे होते, चारशे गाण्यांना सव्वातीन जीबी पुरतात, आणि सोळा जीबीचा पेन ड्राइव्ह कँटीनच्या काही दिवसांच्या चहा-वड्यात येतो. एक सावधगिरी मात्र हवी. मोबाइलवरचे 'सिंक' म्हणजे प्रत नव्हे. इकडे पुसले की तिकडेही पुसले जाते. आमच्या वर्गातील एकीचे दोन वर्षांचे फोटो असेच गेले.

राहिली ताईच्या लग्नाची गोष्ट. बाबांचे अंबरनाथच्या कारखान्यातले एक सोबती हळदीच्या सकाळी आले. त्यांच्याजवळ बटणांचा जुना मोबाइल होता. बाबांनी फार पूर्वी डब्याच्या सुट्टीत ब्लूटूथवरून त्यांना काही गाणी पाठवली होती, हे बाबा स्वतःच विसरले होते. बारांपैकी चार त्यात निघाली. चौथ्या गाण्याला आजीने मोबाइलवर हात ठेवला आणि म्हणाली, "बंद कर रे, तिचा सूर पुढे असा नाही जात." आणि तीच गायला लागली. मांडवातल्या बायका तिच्यामागे म्हणू लागल्या. डीजेवाला पोरगा पेटीवर बसून ऐकत होता.

ते सर्व मी मोबाइलवर घेतले. नंतर आठवडाभर रोज दुपारी आजीजवळ बसलो. उरलेल्या आठांपैकी पाच गाणी तिला पूर्ण येतात, दोन अर्धी येतात. एक प्रत माझ्याकडे, एक ताईच्या सासरी मुरबाडला, एक पुण्याला मावशीकडे गेली आहे. बाराव्याची पहिली ओळच तिला आठवत नाही. मलंगगडाच्या पायथ्याशी एका गावात एक धवलारीण आहे म्हणतात, वय झाले आहे तिचे. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबावे असे बाबांचे मत आहे. मी येत्या रविवारीच जाणार आहे.