सतर्क राहा, म्हणजे नेमके काय करा?

पावसाळ्यात पुणेकरांच्या मोबाइलवर एक सूचना हमखास येऊन पडते. खडकवासला धरणातून मुठा नदीपात्रात अमुक इतक्या क्युसेकने विसर्ग सुरू आहे, नागरिकांनी सतर्क राहावे. मजकूर जेमतेम दोन ओळींचा. पण तो वाचून नदीकाठी तळमजल्यावर राहणाऱ्याने करायचे काय? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर पाणी, हे ठाऊक असले तरी वीस हजार क्युसेकला पाणी पार्किंगपर्यंत येणार की जिन्यापर्यंत, हे त्यातून उमगत नाही. (विसर्ग म्हटल्यावर व्याकरणातली दोन टिंबेच आठवणारेही असतीलच.)

लोकांनी आपल्यापुरता तोडगा काढला आहे: मुठेवरचा ठेंगणा भिडे पूल. ‘भिडे पूल पाण्याखाली गेला’ एवढे कानावर आले की नदीपात्रातल्या रस्त्यालगत लावलेली गाडी काढायला धावाधाव होते. सरकारी सूचनेहून हे वाक्य छोटे आहे आणि जास्त सांगणारेही.

कोल्हापुरात हे काम आकडा करतो. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात; 39 फुटांना इशारा पातळी, 43 फुटांना धोका पातळी. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेसाठी हेच आकडे 40 आणि 45. ‘पाणी एकोणचाळीसवर आलंय’ म्हटले की कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडी या नदीकाठच्या गावांत जनावरे कधी सोडायची, सामान माळ्यावर कधी चढवायचे, याचा अंदाज बांधता येतो. ही पद्धतही पुरी पडतेच असे नाही. 2005 च्या पुरात पाणी कुठवर आले होते, त्या हिशेबावर घरात थांबलेले अनेकजण 2019 च्या पुरात अडकले. त्या वर्षी पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती. तरीही इशारा आणि धोका या दोन शब्दांना तिथे ठरलेले माप आहे. ‘सतर्क’ या शब्दाला कुठेच नाही.

हवामान विभागाच्या इशाऱ्यांच्या रंगांनाही आपण ‘सतर्क’सारखेच बिनमापाचे करून टाकले आहे. नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा, असा त्यांचा अर्थ. बातम्यांत मात्र ‘ऑरेंज अलर्ट’ हे पावसाच्या जोराचे विशेषण होऊन बसते.

पुण्यात 25 जुलै 2024 रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरले. खडकवासल्यातून विसर्ग वाढवल्याचे वेळेत कळले नाही, ही रहिवाशांची मुख्य तक्रार होती. पुराचे पाणी कुठवर येऊ शकते हे दाखवणाऱ्या निळ्या आणि लाल पूररेषांचे नकाशे जलसंपदा विभागाकडे आहेत, धरणातून किती पाणी सोडणार हेही त्यांनाच आधी कळते. मग महापालिकेच्या मदतीने सूचनेत एक ओळ वाढवावी: इतक्या विसर्गाला अमुक गल्लीत पाणी येते, गाड्या आणि माणसे रात्री दहाच्या आत हलवा. त्यासाठी ‘सतर्क राहावे’ हे दोन शब्द खुशाल गाळावेत.