लेश्यावृक्ष माळ्यावर का गेला?



घराला रंग दिला की आपल्याकडे एक गोष्ट हमखास घडते. रंगासाठी उतरवलेल्या तसबिरी परत भिंतीवर चढतच नाहीत. आमच्याकडेही तेच झालं. सासूबाईंनी माहेराहून आणलेली लेश्यावृक्षाची तसबीर जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेली. तिच्या जागी सोनेरी फराट्यांचा मोठा कॅनव्हास आला. सोफ्याच्या उशांना तो अगदी शोभत होता. इंटिरियरवाले म्हणाले, "ताई, धार्मिक फोटो देवघरात. हॉल न्यूट्रल ठेवायचा." मी मान डोलावली. आज मला राग आहे तो माझ्या त्या मान डोलावण्याचा.

कारण त्याच इंटिरियरवाल्यांनी दुसऱ्या भिंतीसाठी धावणारे सात घोडे सुचवले होते, भरभराटीसाठी! घोडे न्यूट्रल आणि लेश्यावृक्ष धार्मिक, हा कुठला न्याय? भिंत कधीच गप्प नसते. आमच्याकडे पैसा आहे, आम्ही परदेशी फिरून आलो, हे सगळं ती पाहुण्यांना सांगतच असते. मग या घरात भाव तपासून वागतात, एवढं तिनं सांगितलं तर कुणाचं काय बिघडतं?

चित्र आठवतंय ना? फळांनी लगडलेलं झाड आणि भुकेले सहा वाटसरू. कृष्ण लेश्येचा झाड मुळापासून उपटायला निघतो, नील लेश्येचा खोड तोडायला, कापोत लेश्येचा मोठी फांदी, पीत लेश्येचा लहान फांदी. पद्म लेश्येचा फक्त फळं तोडतो आणि शुक्ल लेश्येचा खाली पडलेली फळं वेचून खातो. भूक सहाही जणांची सारखीच, फरक आहे तो भावाचा. आचार्य नेमिचंद्रांनी हजार वर्षांपूर्वी गोम्मटसारात हा दृष्टांत दिला. श्रवणबेळगोळच्या जैन मठात हेच झाड भिंतीवर रंगवलेलं आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. मठाला ज्याचा संकोच वाटला नाही, त्याचा आपल्या हॉलला वाटावा?

काहीजणी म्हणतील, हॉलमध्ये अविनय होतो. तीर्थंकरांच्या प्रतिमेबद्दल हे मला पूर्ण मान्य आहे. टीव्ही आणि चपलांच्या कपाटामध्ये भगवंतांचा फोटो शोभेसाठी लावूच नये. पण लेश्यावृक्षाची आपण पूजा करत नाही. ते बोधचित्र आहे, आणि जिथे माणसं बसतात, भांडतात, जेवतात, तिथेच त्याचं काम आहे.

दुसरा आक्षेप, कुऱ्हाड बघून मुलं घाबरतील. तीच मुलं मोबाइलवर दिवसभर बंदुका चालवत असतात, तेव्हा ही काळजी कुठे जाते?

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. चित्रातला वाईट माणूस काळा असतो. माझी मुलगी सहा वर्षांची असताना तिनं विचारलं होतं, "आजोबा काळे आहेत. म्हणजे ते झाड उपटतात?" मला उत्तर सुचेना. सासूबाई हातातली परडी खाली ठेवून म्हणाल्या, "हा रंग कातडीचा नाही गं, भावाचा. तो आरशात दिसत नाही. तुझ्या आजोबांनी कधी मुंगीवर पाय पडू दिला नाही. आणि मी एवढी गोरी, पण काल मोलकरणीवर ओरडले, तेव्हा माझी लेश्या कुठली होती, सांग बरं." अख्खं घर गप्प झालं होतं. नवीन चित्र करून घेणार असाल, तर रंग अंगाला न देता कपड्यांना द्यायला चित्रकाराला जरूर सांगा. पण प्रश्न पडतो म्हणून चित्र उतरवू नका. प्रश्न पडावा म्हणूनच ते तिथे आहे.

कॅनव्हास आठ महिने भिंतीवर होता. त्याच्याबद्दल एकच प्रश्न आला, "केवढ्याला घेतला?" आणि परवा धाकट्याला मी कृष्ण लेश्या विचारली, तर तो म्हणाला, "म्हणजे गोकुळातला कृष्ण?" पाठशाळा आठवड्यातून एक तास असते, भिंत दिवसभर समोर असते. ताईला जे बघता बघता कळलं, ते त्याच्यापासून मी सोनेरी फराट्यांसाठी हिरावून घेतलं होतं.

गेल्या रविवारी तसबीर खाली काढली. लावताना तीन गोष्टी पाळल्या. एक, जेवणाच्या टेबलासमोर आणि मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावली, छताजवळ नाही. दोन, ऊन थेट पडत नाही अशी भिंत निवडली, नाहीतर रंग उडतात आणि सगळ्याच लेश्या फिक्या होतात. तीन, एका लांब दोरीऐवजी दोन स्क्रूंवर टांगली, म्हणजे ती पुढे झुकत नाही. तसबिरीमागे कोळी, पाली घर करतात. म्हणून दर आठवड्याला ती हलकेच उचलून आधी बघायचं, मग मऊ कुंच्यानं जागा साफ करायची. अहिंसेचं चित्र लावायचं आणि फडक्याच्या एका फटक्यात त्याच्यामागचे जीव चिरडायचे, असं नको.

त्या भिंतीवर दुसरं काहीही लावलेलं नाही. कॅनव्हास कुणाला हवा असेल तर घेऊन जा.

तुमचाही माळा एकदा उघडून बघा. चादरीत काय काय गुंडाळलेलं निघतं, ते मला नक्की कळवा.