शाल-श्रीफळ पुरे, शेजारधर्म हवा

दरवर्षी ७ डिसेंबर उजाडला की शाळांतून आणि कचेऱ्यांतून ध्वजदिन निधीचे डबे फिरू लागतात. १९४९ सालापासून हा परिपाठ चालत आला आहे. खिशावर चिमुकला ध्वज टाचून घ्यावा, डब्यात यथाशक्ति नाणे टाकावे आणि सैनिकाविषयीचे आपले कर्तव्य वर्षापुरते उरकले असे समजावे, ही आपली रीत होऊन बसली आहे. पुढे २६ जानेवारीला गावच्या चावडीसमोर माजी सैनिकांना खुर्च्यांवर बसवून शाल-श्रीफळ दिले जाते, भाषणे होतात, टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी त्यांतलाच एखादा म्हातारा जवान तहसील कचेरीच्या पायरीवर दाखल्यासाठी ताटकळत बसलेला दिसतो. आणि आदल्या दिवशी टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी एकही जण त्याच्या शेजारी बसलेला नसतो.

आमच्या कार्यकर्त्यांना हा विषय काहीसा परका वाटतो, याची आम्हांस जाणीव आहे. युद्धखोरीला विरोध करणाऱ्याने सैनिकांच्या प्रश्नात कशाला पडावे, असा एक संकोच आपल्या मनात दडलेला असतो. तो संकोच सोडण्याची वेळ आली आहे. युद्धाचे निर्णय ज्या दालनांत होतात तेथे जवानाला कोणी विचारीत नाही. तो कोण असतो, हे पाहावयाचे असेल तर सातारा जिल्ह्याकडे पाहावे. तेथील अपशिंगे या गावाचे नावच 'मिलिटरी अपशिंगे' असे रूढ झाले आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावाने ४६ माणसे गमावली. माण-खटावच्या कोरडवाहू पट्ट्यात तर घराघरांची कहाणी एकच होती. जमिनीच्या तुकड्यावर सर्व भावांचे पोट भरत नसे. मग एक भाऊ औताशी राही, दुसरा मुंबईच्या गिरणीत जाई आणि तिसरा पलटणीत भरती होई. यांपैकी शेतकरी भावाचा प्रश्न आपण आपला मानला, गिरणी कामगार भावाच्या लढ्यात आपण उतरलो. मग त्याच चुलीवर जेवलेला तिसरा भाऊ तेवढा आपल्याला परका कसा ठरतो?

हा तिसरा भाऊ घरी परततो तेव्हा बहुधा पस्तिशी-चाळिशीतच असतो. पंधरा वर्षे सेवा झाली की जवान पेन्शनला पात्र होतो आणि थोड्याच वर्षांत बाहेर पडतो. कारकुनाची किंवा मास्तरची नोकरी ज्या वयात रंगात येते, त्या वयात ह्याला आयुष्य नव्याने मांडावे लागते. मुले शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात, बांध शेजाऱ्याने सरकवून घेतलेला असतो. गेल्या पंधरा-सतरा वर्षांत गाव त्याच्यावाचून चालायला शिकले आहे. पलटणीत हुकूम स्पष्ट असतो आणि शिधा वेळेवर मिळतो. तलाठ्याच्या कचेरीत या दोहोंपैकी कशाचीच हमी नसते.

म्हणून शेजाऱ्यांनी करावयाचे पहिले काम कागदांचे आहे. ते ऐकावयास क्षुल्लक वाटते, पण माणसाची भाकरी त्यावरच अवलंबून असते. २०२२ सालच्या एप्रिल महिन्यात देशातील सुमारे ५८ हजार संरक्षण पेन्शनरांचे पेन्शन अडकले. कारण इतकेच की, त्यांच्या हयातीच्या दाखल्याची वार्षिक नोंद वेळेत झालेली नव्हती. ओरड झाल्यावर संरक्षण मंत्रालयाने मुदत वाढवून पैसे सोडले. संरक्षण पेन्शनचा सारा कारभार आता 'स्पर्श' नावाच्या संगणकीय यंत्रणेकडे गेला आहे. यंत्रणा वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु नांगर धरून ज्याच्या बोटांचे ठसे पुसट झाले आहेत आणि ज्याच्या घरातला शिकलेला मुलगा पोटासाठी पुण्यात आहे, त्या ऐंशी वर्षांच्या हवालदाराने त्या यंत्रापुढे काय करावे? गल्लीतील एखाद्या महाविद्यालयीन मुलाने वर्षातून एकदा त्याला सेवा केंद्रात नेले, तर त्याच्या बारा महिन्यांच्या पेन्शनची काळजी मिटते.

सैनिकाच्या पत्नीची अडचण याहून बिकट असते. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल होती. पतीने पलटणीत एक नाव सांगितलेले असते, शिधापत्रिकेवर दुसरे असते, आधार कार्डावर तिसरे चढते. तो हयात आहे तोवर हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. तो गेल्यावर मात्र बेळगावच्या किंवा सागरच्या रेकॉर्ड ऑफिसातील नाव आणि समोर उभी असलेली बाई एकच आहेत, हे सिद्ध करण्याचा भार त्या निरक्षर विधवेवर येऊन पडतो. म्हणून सांगावयाचे ते असे की, माजी सैनिक हयात असतानाच त्याच्यासमवेत बसावे. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश काढून पत्नीचे नाव, मुलांच्या जन्मतारखा, अपंग अपत्य असल्यास त्याची नोंद हे सारे ताडून घ्यावे, आणि चूक आढळल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत दुरुस्त करून घ्यावे. एका दुपारचे हे काम पुढची कित्येक वर्षांची पायपीट वाचविते.

ज्यांना पेन्शनच नाही असेही माजी सैनिक आहेत. पेन्शनला लागणारी वर्षे भरण्याआधीच ज्यांची सेवा संपली, ते वृद्धपणी मजुरीवर किंवा मुलांच्या मर्जीवर जगतात. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या आणि वयाची पासष्टी उलटलेल्या अशा निराधार माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मासिक साहाय्य मिळू शकते. ते आपण डब्यात टाकलेल्या ध्वजदिन निधीतूनच दिले जाते. म्हणजे नाणे आपण टाकतो आणि ते ज्याच्यासाठी टाकतो त्याला त्याची खबरही नसते! ती पोचविणे हे काही सरकारी हुकमाची वाट पाहण्याचे काम नव्हे. माजी सैनिकांना घरपट्टीत माफी देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२० साली घेतला. आपल्या गावात त्याचा लाभ किती जणांना मिळाला, हा प्रश्न ग्रामसभेत उभे राहून कोणीही विचारू शकतो.

दुसरे काम रोजगाराचे. लष्करातून आलेला माणूस म्हणजे पहारेकरी, असे समीकरण आपण बसवून टाकले आहे. ज्याने इंजिने दुरुस्त केली, बिनतारी यंत्रणा चालविली, शुश्रूषापथकात जखमी माणसे सांभाळली, त्यालाही आपण दारावर दंडुका देऊन उभा करतो, आणि तेही ठेकेदारामार्फत, बारा-बारा तासांच्या पाळीवर. सुरक्षा रक्षकांसाठी महाराष्ट्रात १९८१ सालचा कायदा आहे, त्याखाली मंडळे आहेत. तरी आपल्या सोसायटीच्या फाटकावरील माणसाला किमान वेतन, साप्ताहिक सुट्टी आणि भविष्यनिर्वाह निधी मिळतो की नाही, याची चौकशी आपल्यापैकी किती जण करतात? त्याला सलाम करण्यापेक्षा ही चौकशी करणे अधिक मोलाचे आहे. सहकारी कारखाने, पतसंस्था आणि शिक्षणसंस्था यांच्या संचालक मंडळांवर आपले स्नेही आहेत. माजी सैनिकाला त्याच्या कौशल्यानुरूप आणि पूर्ण वेतनावर घ्यावे, असा आग्रह त्यांनी धरावा.

तिसरी गोष्ट कोणत्याही कार्यालयात मिळण्यासारखी नाही. ती म्हणजे सोबत. गावाला माजी सैनिकाची आठवण येते ती पुष्कळदा त्याच्या कॅन्टीन कार्डामुळे. बाटली आणून देणारा गृहस्थ एवढीच त्याची ओळख उरते. पण रात्री दचकून उठणारा, कोणाशी न बोलणारा, हळूहळू त्याच बाटलीच्या आहारी जाणारा जवान गावाच्या नजरेस पडत नाही. पडला तरी चेष्टेचा विषय होतो. त्याला उपदेशाची गरज नसते. पारावर जागा करून देणारा, न विचारताही बसून राहणारा आणि वेळ आली तर डॉक्टरकडे नेणारा माणूस त्याला हवा असतो.

यात उपकाराची भावना नसावी. माजी सैनिकांनी समाजाला दिले आहे, ते केवळ रणांगणावर दिलेले नाही. गोपाळबाबा वलंगकर पलटणीतून १८८६ साली निवृत्त झाले आणि दापोली-महाड परिसरात त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली. १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिले. पलटणीत मिळालेले शिक्षण आणि ताठ कणा त्यांनी समाजाच्या कारणी लावला. शिस्त, हिशेब आणि जातीपलीकडचे सहजीवन अनुभवलेली अशी माणसे आज आपल्या गावात आहेत. शाळा समितीत, पाणी वाटपात, ग्रामसभेत त्यांना बोलाविले आहे कोणी?

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. शेजारधर्म म्हणजे शासनाला दिलेली सुटका नव्हे. 'एक हुद्दा, एक पेन्शन' ही मागणी दशकानुदशके लोंबकळत राहिली. २०१५ साली माजी सैनिक दिल्लीत जंतरमंतरवर ठाण मांडून बसले, तेव्हा कोठे त्या वर्षीच्या नोव्हेंबरात शासनाचा आदेश निघाला. संघटित होऊन मागितल्याखेरीज सैनिकालाही काही मिळत नाही, हा त्यातला धडा. आणि २०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेने प्रश्नाचे रूपच पालटले आहे. चार वर्षांनी शंभरांतील पंचवीस तरुण कायम राहतात. उरलेले पंच्याहत्तर एकरकमी सेवानिधी घेऊन, पेन्शनवाचून घरी येतात, आणि त्यांना माजी सैनिकाचा दर्जाही या योजनेने दिलेला नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात. पंचविशीच्या आतबाहेरचे हे तरुण कोणत्या यादीत बसणार? शासनाने आपली जबाबदारी आखडती घ्यावी आणि गावाने हारतुऱ्यांची संख्या वाढवावी, हा व्यवहार आम्हांस मान्य नाही. मदत करावयाची ती हक्क मिळवून देण्यासाठी, हक्काची उणीव झाकण्यासाठी नव्हे.

तेव्हा प्रत्येक शाखेला आमची विनंती एवढीच आहे. पुढील ७ डिसेंबरपूर्वी आपल्या गावातील वा मोहल्ल्यातील प्रत्येक माजी सैनिक, त्याची विधवा, त्याचे वृद्ध मातापिता आणि परतणारा प्रत्येक अग्निवीर यांची वही करावी. कोणाचा दाखला अडला आहे, कोणाचे नाव चुकले आहे, कोण बिनकामाचा आहे, कोण एकटा आहे, हे त्या वहीत लिहावे. एकेका घराची जबाबदारी एकेका कार्यकर्त्याने घ्यावी, आणि वर्षअखेर त्या वहीतील किती ओळी खोडता आल्या याचा हिशेब शाखेच्या बैठकीत द्यावा. जी ओळ आपल्या हातून खोडली जात नाही, ती मागणी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर नेऊन ठेवावी. डबा त्या दिवशीही फिरेल आणि त्यात आपण नाणे अवश्य टाकावे. मात्र त्या सकाळी तहसील कचेरीच्या पायरीवर म्हातारा जवान एकटा बसलेला दिसता कामा नये.