सावध राहायचे ते बाईनेच का?

गावोगाव सायबर सुरक्षेची शिबिरे होतात. बायकांना सांगतात, ओटीपी देऊ नका, परक्या कॉम्प्युटरवर आपली माहिती ठेवू नका. चहा होतो, फोटो निघतात. दुसऱ्या दिवशी तेच सरकार म्हणते, अर्ज ऑनलाइन भरा. घरात कॉम्प्युटर नाही, मोबाईल नवऱ्याच्या खिशात. मग बाई जाते कुठे? सेतू केंद्रात, नाहीतर झेरॉक्सच्या दुकानात.

जुलै २०२४ मध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा बुलढाणा जिल्ह्यात मी हेच पाहिले. आधार, पासबुक, रेशन कार्ड सगळे दुकानदाराच्या व्हॉट्सअॅपवर. "ताई, ओटीपी सांगा," असे तो भर रांगेत ओरडणार आणि बाईही मोठ्याने सांगणार. अर्ज गेला, बाई घरी गेली. कागद मात्र त्याच्या कॉम्प्युटरमध्येच राहिले, सोबत तिचा नंबर. त्या नंबरवर रात्री कुणाचा मेसेज आला की घरचे तिलाच विचारतात, "तूच दिला असशील."

ही उगाच भीती नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये खारघरच्या एका बाईचा याच योजनेचा अर्ज जाईना, कारण तिचा आधार क्रमांक आधीच कुणी वापरला होता. पोलिसांनी साताऱ्याच्या एका माणसाला अटक केली. इतर अनेक आधार क्रमांकांवर त्याने अर्ज भरल्याचा आरोप होता.

सरकारला धोका ठाऊक नव्हता, असे नाही. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने सूचना काढली: सायबर कॅफेत ई-आधार डाउनलोड करू नका, केलेच तर कायमचे पुसा. दोन दिवसांत, लोकांचा गैरसमज होईल म्हणून, ती मागे घेतली. नेहमीची खबरदारी घ्या, एवढाच उपदेश उरला. त्या ई-आधारचा पासवर्ड काय? नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मसाल. म्हणजे ज्याच्याकडे तुमच्या कार्डाची झेरॉक्स, त्याच्याच हाती किल्ली!

२०११ च्या सायबर कॅफे नियमांनी ग्राहकाचे ओळखपत्र तपासायला आणि तिची नोंद वर्षभर ठेवायला सांगितले. आडोसा साडेचार फुटांहून उंच नको, हेही सांगितले. नजर सगळी ग्राहकावर. काम झाल्यावर तिचे कागद पुसले की नाही, हे गावात कोण तपासते? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तो हक्क सेतू केंद्राच्या दारात संपतो का?

आपल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून विचारले होते, सगळा दोष बाईच्याच माथी का? आज कॉम्प्युटरपुढेही तोच प्रश्न आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक केंद्रात अर्जदार बाईसमोर तिचे कागद पुसले जावेत आणि तशी पाटी भिंतीवर लागावी. कागद दुकानदाराच्या खाजगी व्हॉट्सअॅपवर मागवणे बंद व्हावे. ग्रामपंचायतीत बचत गटाच्या बाईने चालवलेला कॉम्प्युटर असावा. ग्रामसभेत हे ठराव मांडा.

तोवर, मैत्रिणींनो, एकटीने नको, दोघी-तिघी मिळून जा. चालेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारे 'मास्क्ड' आधार द्या. ओटीपी ओरडून सांगू नका, स्वतः टाइप करा. पासवर्ड 'सेव्ह' करू देऊ नका. उठण्याआधी लॉग आउट करा, डाउनलोड आणि रिसायकल बिन दोन्ही रिकामे करून घ्या. फोनवरच्या व्हॉट्सअॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर काढून टाका. अंगठ्याने पैसे निघू नयेत म्हणून आधारचे बायोमेट्रिक लॉक करता येते. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. आणि नवऱ्याविरुद्धचा अर्ज गावातल्या दुकानात टाइप करू नका; तो पोलिसांआधी सासरी पोचतो.

हे सगळे करा, पण करताना विसरू नका: कागद आपले आहेत, ते जपण्याची जबाबदारी मागणाऱ्याची आहे. पुढच्या वेळी दुकानदाराला विचारा, "दादा, माझे कागद पुसले का? दाखवा." लाजायचे त्याने, आपण नाही.